हा पगार कोणता?

हमीदा आपांना तहान अशी कधी लागत नसे, पण सर्वेच्या दिवसांत त्या रोज सहा-सात घरचं पाणी पीत. दारात उभ्या राहिल्या की पहिलं वाक्य ठरलेलं: "अगं, जरा पाणी पाज ना." आतून तांब्या यायचा. आपा तो वर धरून एकच घोट घशात सोडायच्या, उरलेलं दारातल्या एखाद्या झाडाच्या बुडाशी घालायच्या आणि ओट्यावर ऐसपैस बसायच्या. फॉर्म त्यानंतर पिशवीतून बाहेर निघायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना ऊन सोसत नसेल. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या काळजीने त्यांच्यासाठी पाण्याची बाटली विकत घेतली. त्यांनी ती निमूट पिशवीत टाकली आणि पुढच्या दारात पुन्हा पाणी मागितलं.

"आपा, बाटली आहे ना जवळ?"

"हाय की. पण सर, तिनं पाणी दिलं की ती घरधनीण झाली अन् मी पाव्हणी. मंग ती खरं बोलते. न्हाईतर मी सरकारी माणूस अन् ती घाबरलेली. घाबरलेलं माणूस काय सांगणार तुम्हाला, कप्पाळ?"

सर्वेक्षण कसं करावं यावर मी तोवर तीन जाडजूड पुस्तकं वाचली होती. त्यांत पाण्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

मी तेव्हा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होतो. विधवा, वृद्ध, निराधार अशा माणसांना सरकारकडून दरमहा जी मदत मिळते, तिचा त्यांना काम मिळवायला उपयोग होतो, की मदत मिळते म्हणून ती कामाकडे पाठ फिरवतात, असा आमच्या अभ्यासाचा प्रश्न होता. प्रश्न पुण्यात बसून काढला होता. उत्तरं अंबड आणि घनसावंगी तालुक्यातल्या गावांतून आणायची होती. त्यासाठी रोजंदारीवर सात स्थानिक माणसं नेमली, त्यात हमीदा आपा सगळ्यांत वयस्कर. पन्नाशी उलटून बरीच वर्षं झालेली, अंबडला कोर्टाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं, तो तरुणपणीच गेला. एक मुलगी, ती लग्न होऊन जालन्याला. डोक्यावरून घट्ट पदर, पदरावर उन्हासाठी पांढरा रुमाल, गळ्यात दोरीला बांधलेलं पेन आणि पायात जावयाचे जुने स्पोर्ट शूज. शूज दोन नंबर मोठे होते, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. कापसाच्या मुलखात राहून तेवढा तरी फायदा करून घ्यावा, असं त्यांचं म्हणणं.

पेनाच्या दोरीवरून मी एकदा चेष्टा केली, तर म्हणाल्या, "ज्याच्या घरी विचारायला जायचं, त्यालाच पेन मागायचं? मंग तो म्हणंल, सर्वे मीच करतो, तुम्ही बसा."

त्यांचा एक कायदा होता आणि तो माझ्या फॉर्ममध्ये नव्हता. गावातल्या कुठल्याही बाईला "काय काम करतेस?" म्हणून विचारलं की उत्तर यायचं, "काही न्हाई, घरीच असते." बाकीचे सहाजण 'काम करत नाही' या चौकोनात बरोबरची खूण करून पुढच्या प्रश्नाला लागायचे. आपांना हे उत्तर चालायचं नाही. त्या पेन खाली ठेवायच्या.

"घरीच असती म्हंजे? फोटोवाणी भिंतीला लटकून राह्यली का?"

बाई हसायची. मग आपा कालच्या पहाटेपासून सुरुवात करायच्या. उठल्यावर काय केलं? शेण कुणी काढलं? दूध कुठं घातलं? कापूस वेचायला कुणाच्या रानात गेल्ती? मोसंबीच्या तोडीला बोलावलं होतं का? उत्तरं देता देता त्या बाईलाच नवल वाटायला लागायचं, की काल आपण एवढं केलं. दुपार होईस्तोवर एका फॉर्मची मागची बाजूसुद्धा भरायची. मी घड्याळ बघत बाहेर उभा. घाई करा म्हणालो की आपा आतूनच ओरडायच्या, "सर, जल्दी असंल तर तुम्हीच 'घरीच असते' लिहा. माझ्या हातून ते लिहून होत न्हाई." आणि खरंच, त्यांच्या एकाही फॉर्मवर ते उत्तर नव्हतं. पुढे मी सगळे तपासलेत.

आता माझ्या मूर्खपणाकडे वळतो, कारण त्याच्याशिवाय आपांची गोष्ट पुरी होत नाही.

काम सुरू होण्याआधी अंबडला एका मंगल कार्यालयाच्या खोलीत मी सातहीजणांना दोन दिवस शिकवलं. फॉर्मचा मराठी मसुदा माझा होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. मूळ मसुद्यात एक प्रश्न होता, 'नियमित वेतन मिळते का?' मी म्हटलं, खेड्यातल्या माणसाला 'वेतन' काय कळणार! ते खोडून मी लिहिलं, 'नियमित पगार मिळतो का?' साधा, सोपा, लोकांच्या तोंडचा शब्द. स्वतःवर खूश होऊन मी तो प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला.

मागच्या रांगेतून आपांचा हात वर झाला.

"सर, हा पगार कोणता?"

सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "पगार म्हणजे पगार, आपा. महिन्याच्या महिन्याला येतो तो."

"महिन्याला येतो तो. बराबर," आपा म्हणाल्या आणि फॉर्मच्या कडेला काहीतरी टिपून ठेवलं. मला वाटलं, वयस्कर आहेत, समजायला वेळ लागतो.

कामाला लागल्यावर महिनाभरात मंदाबाई भेटली. तीर्थपुरीच्या बाजूचं गाव, पत्र्याची खोली, दारात शेळी. मंदाबाई पस्तिशीची असेल, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, एक लहान मुलगी. आपांची नि तिची पाहताक्षणी गट्टी जमली. फॉर्म भरून झाला, तरी आपा त्या बाजूला गेल्या की तिच्याकडे डोकावायच्याच. एके दिवशी त्यांनीच खबर आणली, की अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे ऊसतोडीच्या हंगामात मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह चालतं, तिथे स्वयंपाकाला बाई पाहिजे. मला आनंदाचं भरतं आलं. माझा सगळा अभ्यासच मदतीकडून कामाकडे जाणाऱ्या वाटेचा, आणि ती वाट माझ्या डोळ्यांदेखत उघडत होती. मी मंदाबाईला म्हणालो, "घ्या ना हे काम. चांगलं आहे."

मंदाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग आपांकडे.

"कसं घेऊ सर? काम लागलं की उत्पन्नाचा दाखला बदलतो. दाखला बदलला की माझा पगार बंद. हा पगार मरंपर्यंतचा हाय. तिथला पगार ऊस हाय तवर. ऊस संपल्यावर काय खाऊ, पाचट?"

काय वाक्य होतं! मी ताबडतोब वही काढून ते शब्दन् शब्द टिपून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. अहवालात चौकटीत टाकायला उत्तम. निराधारच्या मदतीला ती 'पगार' म्हणाली हे मी ऐकलं, लिहिलं, आणि माझ्याच फॉर्ममधल्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. एवढं शिकल्यावर असंच होत असावं.

आपा तिला समजावतील म्हणून मी त्यांच्याकडे वळलो. खबर त्यांनीच आणली होती. पण त्या म्हणाल्या, "नको घेऊ मंदा. बरं झालं बोलली. माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं."

परतताना फाट्यावर एस.टी.ची वाट बघत बसलो होतो. मी जरा फुगलोच होतो. आपांनी पिशवीतून ती माझी बाटली काढली. अजून सील फोडलेलं नव्हतं. ती माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "प्या सर. रागाला बरं असतं." आणि मग आपली गोष्ट सांगितली.

नवरा गेल्यावर आपांनाही निराधारची मदत सुरू झाली होती. मुलगी लहान होती, त्यावर घर चालायचं. पुढे कुठल्याशा सर्वेचं काम मिळालं, आयुष्यातलं पहिलं. "मला इतकी खुशी झाल्ती सर. मी दुसऱ्याच दिवशी तहसीलात गेल्ते. म्हणलं, माझं नाव काढा, मला काम लागलं. तो क्लार्क बघतच राह्यला. म्हणला, नाव घालायचा फॉर्म हाय, काढायचा न्हाई. आजपर्यंत कुणी मागितलाच न्हाई! मंग मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं. त्यानं उठून मला खुर्ची दिली, चहा पाजला. सगळ्या हापिसाला दाखवलं, ही बघा बाई. मी अशी ताठ चालत घरी आले."

"मग?"

"मंग काय? चार महिन्यांत सर्वे खलास. गेले परत. तोच क्लार्क. म्हणला, आपा, तुम्हाला तर काम हाय, तुम्हीच लिहून दिल्तं. फाइलीतून कागद काढून दाखवला. माझंच अक्षर. आता मी काय बोलणार? अक्षर चांगलं हाय माझं."

हे सांगताना त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. मला हसू आलं नाही. आपणही या बाईला पाच महिन्यांसाठीच कामावर घेतलंय, एवढं मला त्या फाट्यावर पहिल्यांदा नीट उमजलं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी गंमत झाली. अंबड गावातली घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची होती, त्यात आपांचंच घर निघालं. स्वतःच्या घरचा फॉर्म स्वतः भरायचा नाही हा नियम. म्हणून मी गेलो. आपांनी सकाळपासून घर झाडून ठेवलेलं, नवीन चादर अंथरलेली. रोज सोबत हिंडणारी बाई, पण त्या दिवशी माझ्यासमोर परीक्षेला बसल्यासारखी मांडी घालून बसली. मी पेन काढलं.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही विसरले."

"काय?"

"पाणी."

मी ओशाळलो. "आपा, जरा पाणी पाजता का?"

"हां, अब आए रस्ते पे," म्हणत त्या खुशीत उठल्या आणि सरबतच घेऊन आल्या.

"काम करता का?" मी विचारलं.

"करते."

"कसलं?"

"लोकं काम करतेत का न्हाई, ते विचारायचं."

"काम कायम आहे की तात्पुरतं?"

त्या थांबल्या. तोंडावरचं हसू तसंच होतं. मग म्हणाल्या, "ते तर तुम्हालाच माहीत सर. तुम्ही सांगा, मी तसं सांगते."

मी खाली मान घालून 'तात्पुरते' या चौकोनात खूण केली. पुढचा प्रश्न माझा लाडका: नियमित पगार मिळतो का? "न्हाई," त्या म्हणाल्या. "पहिले होता. मीच काढून टाकला." मी 'नाही' लिहिलं. तेव्हाही डोक्यात उजेड पडला नाही.

निघताना दारात त्यांनी एकच गोष्ट मागितली. "काम संपलं की मला एक कागद द्या सर. हमीदानं काम केलं म्हणून. शिक्क्यासगट. इतके सर्वे केले, पण एकाचाही कागद न्हाई माझ्याकडं. कुणी विचारलं तर काय दाखवू, हे शूज?" मी म्हटलं, एवढंच ना? आठ दिवसांत देतो. पुण्याला गेल्यावर कळलं, की रोजंदारीच्या माणसाला संस्थेचं प्रमाणपत्र देता येत नाही, तसा नियमच नाही. मी दोन-तीनदा विचारलं आणि नंतर, खरं सांगायचं तर, विसरून गेलो.

काम संपलं, फॉर्म पुण्याला गेले, स्कॅन झाले, आकडे निघाले. एका तक्त्यापाशी मी खुर्चीतून उठलोच. विधवांपैकी बऱ्याचजणींना चक्क नियमित पगार होता! मदत मिळून बायका आळशी झाल्या नाहीत, उलट नोकरीला लागल्या, असा एक सुंदर परिच्छेद मी लिहिला. जालन्याला जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुढे तो वाचून दाखवायचा होता. आमची स्थानिक माणसं दाखवावीत म्हणून मी आपांनाही बोलावून घेतलं. त्या मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पांढरा रुमाल घडी करून मांडीवर.

मी तक्ता दाखवला. अधिकारी हुशार आणि कामाचा उरक असलेले गृहस्थ होते. ते म्हणाले, "छान. पण यांना पगार आहे, तर या निराधारच्या यादीत कशा? नावं असतील ना तुमच्याकडे? द्या. तपासून कमी करून टाकू. दुसऱ्या गरजूंना देता येईल."

त्या क्षणी मला वहीतलं ते वाक्य आठवलं, खाली दोन रेघा मारलेलं. हा पगार मरंपर्यंतचा हाय. पगारवाल्या बायांच्या यादीत मंदाबाईचं नाव असणार होतं, आणि ते मी टाकलं होतं. उभं राहून फक्त एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, चूक माझी आहे. पण समोर दहा-बारा माणसं, पडद्यावर माझा तक्ता. मी हातातले कागद उगाच सारखे करत राहिलो. अधिकारी साहाय्यकाला सांगत होते, "यादी आजच घेऊन ठेवा."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहेब, जरा पाणी मिळंल का?"

सगळे वळले. आपा उभ्या होत्या. अधिकारी क्षणभर गोंधळले, मग आपल्या पुढ्यातला भरलेला ग्लास त्यांनी स्वतःच उचलून पुढे केला. आपा चालत आल्या, ग्लास वर धरून एक घोट घेतला आणि तो जपून टेबलावर ठेवला.

"साहेब, हा पगार तुमचाच हाय. तुमच्याच हापिसातून जातो. निराधारच्या पैशाला आमच्याकडं बाया पगारच म्हणतेत. महिन्याला येतो, म्हणून पगार. दुसरा पगार कुठला आला त्यांना?"

कुणीतरी फसकन हसलं. अधिकाऱ्यांनाही हसू आलं, पण लगेच ते म्हणाले, "मग बाई, फॉर्मवर तसं लिहायला नको होतं का?"

आपांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणखी दोन मिनिटं गेली असती तरी त्या बोलल्या नसत्या, हे मला आजही पक्कं माहीत आहे.

"प्रश्न मी लिहिला होता," मी म्हणालो. "यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, हा पगार कोणता म्हणून. मीच ऐकलं नाही."

"लिहिलंय मी, साहेब," आपा मग म्हणाल्या. "दर फॉर्मवर 'नि' लिहिलंय. 'नि' म्हंजे निराधार."

तिथेच पुण्याला फोन लावला, मूळ कागद काढायला लावले. आपांचं शिक्षण उर्दू शाळेतलं, त्यांचा हात कागदाच्या उजव्या कडेपासूनच सुरू व्हायचा. पगार लिहिलेल्या प्रत्येक फॉर्मच्या उजव्या टोकाला, अगदी कडेला, बारीक सुंदर अक्षरात 'नि' लिहिलेलं होतं. स्कॅन करताना नेमकी तीच कड कापली गेली होती. अधिकाऱ्यांनी पंधरा दिवस दिले. तेवढ्यात दुरुस्त तक्ता आला तर ठीक, नाहीतर नावं तपासणीला जातील.

आपांचे फॉर्म कागदावरून दुरुस्त झाले. बाकीच्यांचे नव्याने विचारायला हवे होते. आपा आणि मी पुन्हा गावोगाव हिंडलो. घरोघरी एकच प्रश्न: हा पगार कोणता? आता तो मी विचारायचो, आणि आपा शेजारी बसून हसायच्या. पण मंदाबाईच्या गावात आमच्याआधी बातमी जाऊन पोचली होती, की सर्वेवाल्यांनी नावं दिली आणि पगार बंद होणार.

मंदाबाई दारातच उभी होती. आपा म्हणाल्या, "मंदा, जरा पाणी पाज ना."

"घागर रिकामी हाय."

घागर तिच्या मागेच होती. काठोकाठ भरलेली, आम्हा दोघांनाही दिसत होती. इतक्या महिन्यांत आपांना कुणी पाणी नाकारलेलं मी पाहिलं नव्हतं.

"तुला बहीण म्हणलं आपा, अन् तूच माझा पगार लिहून नेला," मंदाबाई म्हणाली आणि आत गेली.

आपा उंबऱ्याबाहेर, जिथे सावली नव्हती, तिथे बसल्या. मी म्हटलं, चला, उद्या येऊ. त्यांनी नुसता हात हलवला. बराच वेळ तशाच बसून होत्या, रुमाल घामाने भिजला. शेवटी मंदाबाईची मुलगी डोकावली, तिच्यामागे मंदाबाई. आपांनी पिशवीतून तिचा मूळ फॉर्म काढला. तो पुण्याहून मुद्दाम मागवून घेतला होता. मंदाबाईला वाचता येत नव्हतं. आपांनी तिचं बोट धरून उजव्या कडेला ठेवलं.

"हे बघ. हे अक्षर माझं. मी लिहिलंय की हा पगार निराधारचा हाय, नोकरीचा न्हाई. साहेबाला सांगून आले. तुझं नाव तसंच ऱ्हाईल. बिलकुल भिऊ नको."

मंदाबाईने ते अक्षर बोटाने दोनदा चाचपून पाहिलं. मग उठून आत गेली आणि तांब्या भरून आणला. आपांनी त्या दिवशी एक घोट घेऊन पाणी झाडाला घातलं नाही. सगळा तांब्या पिऊन टाकला आणि अजून मागितला.

दुरुस्त तक्ता वेळेत पोचला. एकही नाव कमी झालं नाही. माझा सुंदर परिच्छेद मी स्वतः खोडला. अहवालाच्या शेवटी आभाराच्या यादीत बाकीच्या सहाजणांबरोबर आपांचं नाव छापलं, 'सर्वेक्षक' म्हणून, लहान अक्षरात.

मग वर्षं गेली. मी दुसऱ्या संस्थेत गेलो. सणावाराला आपांचा फोन यायचा. पहिला प्रश्न तब्येतीचा, दुसरा ठरलेला: "नवीन सर्वे हाय का सर काही?" नसायचा. आता फॉर्म टॅबवर भरतात, तिशीच्या आतली मुलं घेतात. कागदाबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही आणि त्यामुळेच तो मला जास्त टोचत राहिला. शेवटी गेल्या वर्षी जुन्या संस्थेत जाऊन मी चक्क भांडलो आणि ते प्रमाणपत्र मिळवलं. लेटरहेडवर, सहीनिशी, गोल शिक्क्यासह. फोनवर काही न सांगता सरळ अंबडला गेलो.

घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, आपा तहसीलला गेल्यात.

तिथल्या व्हरांड्यात बाकावर म्हाताऱ्या माणसांची रांग होती. आपा दोघी म्हाताऱ्यांच्या मधे बसून त्यांचे फॉर्म भरून देत होत्या. तेच शूज, तीच पेनाची दोरी. रुमालाखालचे केस मात्र पार पांढरे झालेले. मला इतका आनंद झाला, की मी लांबूनच ओरडलो, "आपा, कुठला सर्वे?"

त्यांनी वर पाहिलं आणि तोंडभर हसल्या. "अरे सर! बसा, बसा. सर्वे न्हाई. मी आता या बाजूला आले." मांडीवरची फाइल त्यांनी दाखवली. "पासष्टी झाली. म्हातारपणाचा पगार चालू व्हतो का बघून राह्यले. तिसरी चक्कर हाय. आज नाव पुकारणार म्हणले."

मी पिशवीतून लिफाफा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. कागद दोन वेळा वाचला, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. 'श्रीमती हमीदा यांनी सर्वेक्षक म्हणून उत्कृष्ट काम केले' या ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ होतं.

"सुंदर हाय," त्या म्हणाल्या. मग कागद होत्या त्याच घड्यांवर दुमडला, लिफाफ्यात घातला आणि माझ्या हातात परत दिला.

"आज तुमच्याजवळच ठेवा सर. आत हा माझ्याजवळ नको."

तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं. आपा गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पदर सारखा केला आणि आत गेल्या. मी दाराशी उभा राहिलो. टेबलामागचा क्लार्क तरुण होता, बोलायला चांगला होता. त्याने फाइल उघडली, मान वर न करता विचारलं, "काय काम करता, आजी?"

आपांचा हात गळ्यातल्या पेनाकडे गेला. त्यांनी ते पदराआड सारलं.

"काही न्हाई," त्या म्हणाल्या. "घरीच असते."